दात टेकलेत का?

(दृश्य: कानशिलावर टेकवलेली दोन बोटं)

हे ऐकताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का? जबडा सैल असला की ओठ मिटलेले असतात, पण दातांमध्ये २-३ मिलिमीटरची फट राहते. चिंतेत ती फट कधी बुजते, कळतही नाही.

आता कानशिलावर बोटं ठेवून दात हलकेच आवळा. बोटांखाली जो उठतो तो चावण्याचा स्नायू, पंख्यासारखा पसरलेला. तो आणि मानेचे स्नायू तासन्‌तास आखडून राहिले की डोक्याला पट्टा आवळल्यासारखं वाटतं. हीच ताणाची डोकेदुखी.

चिंता म्हणजे शरीराच्या लेखी धोकाच. ॲड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, खांदे कानांकडे चढतात. धोका टळला की ते उतरतात. पण उद्याची काळजी टळतेच कुठे? शिवाय मानेच्या वरच्या भागातल्या आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच जागी पोचतात, म्हणून आखडते मान आणि दुखतं कपाळ. हे महिनोन्‌महिने चाललं की वेदनेची यंत्रणाच हळवी होते, साधा दाबही दुखतो. ‘मनाचे खेळ’ म्हणून हे उडवून लावणारे चुकतात ते इथेच.

हे दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखं असतं. अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकतं, जिना चढल्यानं वाढत नाही. एका बाजूला ठणका आणि मळमळ असेल तर अर्धशिशीचा विचार करावा; तीही ताणानं उठते, पण औषध वेगळं. दुखणं मिनिटभरात शिगेला गेलं, सोबत ताप आणि ताठ मान असली, बोलणं अडखळलं किंवा हातापायातलं बळ गेलं, तर थेट रुग्णालय गाठा.

खरी फसगत गोळीची. साधी पॅरासिटामॉलसुद्धा महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकं दुखवू लागते. कॅफीन घातलेल्या मिश्र गोळ्यांना १० दिवसही पुरतात. कॅलेंडरवर खूण करत जा.

(दृश्य: खांदे वर जातात, खाली पडतात)

खांदे कानांपर्यंत उचला, पाच सेकंद धरा, एकदम सोडून द्या. पंधरा सेकंद नुसता सैलपणा जाणवू द्या. असं पाच वेळा, दिवसातून दोनदा, डोकं दुखत नसतानाही. बहुतेक जण दुखू लागल्यावरच करतात आणि उपयोग नाही म्हणून सोडतात. दुखत असेल तर अर्ध्याच जोरानं. सोबत श्वास चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, सावकाश. भराभर मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि उलट गरगरायला लागतं.