दोन्हींकडची मोजदाद

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

माझी आई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, माहेर मुंबईतल्या मांडवीचे. वडील हिंदू, घर गिरगावात. दोघांचीही आडनावे ‘कर’ने संपणारी, कारण दोघांचेही पूर्वज कोकणातल्या आपापल्या गावाचे नाव घेऊनच मुंबईत आले होते. त्यामुळे चाळीत मला ‘तुम्ही कोण?’ असे सहसा कोणी विचारले नाही. आडनाव ऐकले की लोकांचे समाधान होई, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते होऊ देत असू.

आईचे लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ते बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आमच्याकडे तेलाचा संबंध दिव्यापुरता उरला होता. शुक्रवारी तिन्हीसांजेला आजी, म्हणजे वडिलांची आई, देवापाशी समई लावी आणि आई खिडकीशी आपला दिवा. तेलाची बाटली एकच. आजीला सोड्यांची खिचडी फार प्रिय. आईला कोळंबी वर्ज्य, तरी ती खिचडी तीच रांधी. मीठ मात्र आजीने चाखून सांगायचे. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचे ताट मांडले, की भिजवलेले पोहे, ओले खोबरे आणि साखर पाहून आजी म्हणे, “हे तर आमचेच गोड पोहे गं!” त्यावर आई म्हणे, “पोहे तुमचेच, नवस माझा.”

सगळे असे गोडीचेच होते, असे मात्र नाही. जुन्या, 1872 च्या कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांना आपापला धर्म नाकारल्याचे लिहून द्यावे लागले असते. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने ती अट काढली, पण 30 दिवसांची नोटीस ठेवली. कचेरीच्या फलकावरची ती नोटीस वाचून आईचे एक काका आले आणि उंबरठा न ओलांडता परत गेले. याच कायद्याच्या 19 व्या कलमामुळे वडील एकत्र कुटुंबातून विभक्त ठरले. जेवत मात्र ते आजीच्याच पंक्तीला होते.

माझी गणना पुढचा प्रश्न. यहुदी धर्मशास्त्र मूल आईवरून ओळखते, हिंदू समाज बापावरून. म्हणून मी दोन्हींकडच्या हिशेबात बसलो. माझ्या मामाने हिंदू मुलीशी लग्न केले, आणि त्याची मुलगी दोन्हींकडे पाहुणी राहिली. माझ्यापेक्षा तिला हिब्रू प्रार्थना अधिक येत होत्या, हे इथे मुद्दाम सांगतो.

तेराव्या वर्षी मला सिनेगॉगमध्ये सेफेरसमोर, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीसमोर, बोलावले. पुकारताना मुलाच्या नावापुढे बापाचे नाव घ्यायचे असते. वडिलांचे नाव ऐकून तिथले एक वडीलधारे क्षणभर थांबले आणि मग त्यांनी माझ्या नावापुढे आईच्या वडिलांचे नाव पुकारले. डोक्यावर रुमाल बांधून वडील मागच्या बाकावर बसले होते.