एका सुताचा फरक

[सकाळ. खारघरचा नाका.]

नवी मुंबईतील खारघरच्या या नाक्यावर सकाळी जमलेल्या गर्दीतून गवंडी ओळखायचा असेल, तर माणसाच्या पिशवीकडे पाहावे. गवंड्याच्या पिशवीतून थापीची मूठ डोकावते, आणि आत ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या व सुताची गुंडी असते. बिगाऱ्याकडे बहुधा जेवणाचा डबाच असतो, कारण घमेले आणि फावडे कामावरचे असते. मराठवाड्यातून, विदर्भातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेली ही माणसे मुकादमाची वाट पाहत उभी आहेत. आपण ज्यांच्यासोबत आजचा दिवस घालवणार आहोत, ते बावीस वर्षे गवंडीकाम करत आहेत, आणि त्यांच्या हाताखाली बिगारी म्हणून त्यांची पत्नी आहे.

उंच इमारतींच्या कामांवर आम्हाला चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. तशीही तेथे मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत, भिंत काँक्रीटचीच ओतली जाते, आणि जेथे बांधकाम उरते तेथे सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ठोकळे चिकटवले जातात. लाल विटेवर चालणारा हात पाहायचा, तर गावठाणातील अशा दुमजली घराकडेच वळावे लागते.

[विटांच्या थप्पीवर पाणी.]

विटा आधी भिजवाव्या लागतात. कोरडी वीट मसाल्यातले, म्हणजे सिमेंट-रेतीच्या मालातले, पाणी ओढून घेते, आणि सिमेंटला पाणी कमी पडले की सांधा कच्चा राहतो. नऊ इंची भिंतीसाठी सिमेंटच्या एका भागाला सहा भाग रेती या प्रमाणात माल कालवला जात आहे, तोही थोडा थोडा, कारण पाणी लागलेले सिमेंट कोणासाठी थांबत नाही. “अहो, माल घट्ट व्हायला लागलाय, आधी हा संपवा,” ही हाक दिवसभरात अनेकदा ऐकू येते. “आता दोनच घमेली कालव,” हे उत्तरही ठरलेले आहे.

[कोपरा. जवळून.]

भिंतीचे कोपरे आधी चढतात. दोन्ही टोकांना चार-पाच थर उभे राहिले की मध्ये सूत ताणले जाते आणि पुढची प्रत्येक वीट त्या सुताच्या आज्ञेत बसते. थापीने माल पसरायचा, वीट दाबून बसवायची, मुठीचा एक ठोका द्यायचा, बाहेर आलेला माल थापीच्या कडेने कापून तोच पुढच्या विटेच्या टोकाला लावायचा, हे सारे इतक्या सलगपणे घडते की आम्हाला ते पाहण्यासाठी चित्रफितीची गती कमी करावी लागली. खालचा उभा सांधा आणि वरचा उभा सांधा एका रेषेत येऊ द्यायचा नसतो. त्याला सांधमोड म्हणतात, आणि तिच्यासाठी थापीच्या कडेने वीट तोडून अर्धी किंवा पाऊण केली जाते.

आता ओळंबा पाहा. त्याची लाकडी गुटी वरच्या विटेला टेकवली की खाली लोंबणाऱ्या वजनाने भिंतीला निसटता स्पर्श करावा. वजन दूर राहिले तर भिंत बाहेर झुकली, रेलून बसले तर आत गेली. सहाव्या थरावर एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा फरक निघतो. गिलाव्याखाली तो सहज झाकला गेला असता. गवंडी काही न बोलता दोन विटा उचकटतात, माल खरवडतात आणि त्या पुन्हा बसवतात.

[बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज.]

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि या खाडीकाठावर शहर उभे राहू लागले. बेलापूरची ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखली, ती स्थानिक गवंड्यांना बांधता येईल आणि कुटुंब वाढेल तसे घर वाढवता येईल अशा बेताने. शहराच्या आराखड्यात गवंड्याच्या हाताचा इतका सरळ विचार पुढे क्वचितच झाला.

[परांची.]

दुपारनंतर काम परांचीवर चढते. दोन वर्षांपूर्वी फळी सरकून हे गवंडी पडले होते आणि तीन महिने कामाविना घरी होते.

[संध्याकाळ.]

एका दिवसात भिंत साधारण पाच फुटांहून अधिक चढवायची नसते, कारण खालचा ओला सांधा वरचे वजन पेलत नाही. थापी धुतली जाते, कालच्या भिंतीवर पाणी मारले जाते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने कल्याणकारी योजनांचा मार्ग मोकळा केला, परंतु नोंदणीसाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावरच्या माणसाचा मालक तर दर दोन-चार दिवसांनी बदलतो. मुकादमाची ही वही पाहा. आजच्या तारखेपुढे ‘गवंडी १, बिगारी १’ एवढेच लिहिले आहे. मुकादम मजुरी मोजून देतो, वही मिटतो आणि खिशात घालतो.