तागाच्या गावचा नट

मित्रहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ब्रायन कॉक्सला ‘सक्सेशन’ या अमेरिकी मालिकेत पाहिलं असेल. पोटच्या पोरांना एकमेकांच्या अंगावर सोडून गंमत बघणारा तो म्हातारा, लोगन रॉय. ही मालिका २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा कॉक्स ७२ वर्षांचा होता. नाटकात काम करणारी तरुण मुलं मला विचारतात, ‘सर, हा माणूस इतकी वर्षं होता कुठे?’ होता कुठे म्हणजे? कामावर होता! आज मला त्या कामाबद्दलच बोलायचंय.

सुरुवात मात्र गोणपाटापासून करावी लागेल. हसू नका. कॉक्स डंडीचा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी वसलेलं हे शहर तागावर जगलं. कच्चा ताग बंगालमधून यायचा, कलकत्त्याहून जहाजात भरून. ताग जात्याच राठ. यंत्रावर चढवायचा तर त्याला तेल पाजून मऊ करावं लागे. डंडीच्या बंदरात देवमाशांच्या शिकारीची जहाजं लागायची, त्यामुळे तेल हाताशीच होतं. असा तो धंदा जमला. पुढे हुगळीच्या काठी गिरण्या उभ्या राहिल्या. त्या चालवायला मुकादम आणि मॅनेजर गेले ते डंडीचेच, आणि त्याच गिरण्यांनी डंडीच्या धंद्याला उतरती कळा लावली. डंडीच्या गिरण्यांत कामाला मुख्यतः बायका, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. घरी बसलेल्या नवऱ्यांना गावात ‘केटल बॉयलर’ म्हणत, म्हणजे चहाचं आधण ठेवणारे.

कॉक्सची आई अशाच एका गिरणीत सूतकताईच्या खात्यात होती. तो १९४६ चा, पाच भावंडांत धाकटा. वडिलांचं छोटं दुकान. गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणता येत नसे, त्यामुळे उधारीची वही फुगलेली. ब्रायन आठ वर्षांचा असताना वडील गेले आणि बँकेत निघाले दहा पौंड. आईची मनःस्थिती ढासळली, तिला इस्पितळात ठेवावं लागलं. थोरल्या बहिणींनी पोराला सांभाळलं. फिश-चिप्सच्या दुकानात जाऊन कढईच्या तळाशी उरलेला तळणीचा चुरा मागून आणायचो, हे कॉक्सने स्वतः अनेकदा सांगितलंय. आवाज न चढवता सांगतो. लोगन रॉय जेवणाच्या टेबलावर बसलेला असताना त्याच्या चेहऱ्यावर जे असतं, ते बघताना मला दर वेळी हा चुरा आठवतो. आता हा माझा भाबडेपणा असेल, पण आठवतो खरा.

पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो डंडी रेपमध्ये लागला. ‘रेप’ म्हणजे रेपर्टरी. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्या आठवा. पगारी नट, एकच बिऱ्हाड. फरक एवढाच की ही कंपनी गावोगाव फिरत नाही, ती एका गावाची असते आणि गावाला सतत नवं नाटक देत राहते. संध्याकाळी एक नाटक उभं, सकाळी पुढच्याची तालीम. या कारखान्यात पोऱ्याने फरशी पुसायची, निरोप पोचवायचे आणि विंगेत उभं राहून बघायचं.

पहिल्या दिवसाची त्याची हकिगत तर झकास आहे. हा भीतभीत आत शिरतो, तर जिन्यावर मारामारी चाललेली. रात्रभर प्यायलेली मंडळी, आणि त्यातला एक निकोल विल्यमसन, जो पुढे त्या पिढीतला मोठा नट म्हणून गाजला. दुसऱ्या एका नटाने याला ‘ठीक आहेस ना रे, डार्लिंग?’ असं विचारलं. गिरणीवस्तीतल्या पोराला कोणी पुरुष डार्लिंग म्हणतोय! कॉक्स म्हणतो, आपण घरी आलो असं मला त्या क्षणी वाटलं.

१९६३ मध्ये ते थिएटर आगीत जळालं. त्याच वर्षी तो लंडनला, लॅमडा या नाट्यशाळेत गेला. फी कोणी भरली? सरकारी अनुदानाने. हे मी मुद्दाम थांबून सांगतोय, कारण कॉक्सही ते प्रत्येक मुलाखतीत थांबून सांगतो. आजच्या व्यवस्थेत माझ्यासारखा पोरगा तिथवर पोचलाच नसता, ही त्याची जुनी तक्रार आहे. प्रतिभा गरिबाच्या घरीही जन्मते, हे वाक्य आपण सगळेच टाळ्या घेत म्हणतो. पण तिचं रेल्वेचं तिकीट कोण काढणार, हे कोणी बोलत नाही.

पुढची काही वर्षं भरभर सांगतो. १९६५ मध्ये एडिंबरोच्या रॉयल लायसियम थिएटरच्या पहिल्या संचात. मग बर्मिंगहॅम रेप. १९६७ मध्ये ‘ॲज यू लाइक इट’चा ऑर्लँडो करत लंडनच्या वेस्ट एंडला. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला दिग्दर्शक लिंडसे अँडरसनच्या हाताखाली. १९७१ च्या ‘निकोलस अँड अलेक्झांड्रा’ या सिनेमात रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की. १९८४ मध्ये ‘रॅट इन द स्कल’, आणि त्यासाठी पहिलं ऑलिव्हिए, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचं मानाचं पारितोषिक. यादी वाचताना कंटाळा येतो ना? करणाऱ्याला आला नसावा.

आता थांबू या १९८७ वर. शेक्सपिअरच्या गावचं, स्ट्रॅटफर्डचं स्वान थिएटर, नाटक ‘टायटस अँड्रॉनिकस’, दिग्दर्शक डेबोरा वॉर्नर, तिशीही न गाठलेली. शेक्सपिअरचं हे नाटक रक्ताने इतकं थबथबलेलं, की भले भले दिग्दर्शक कात्री घेऊनच बसतात. वॉर्नरने एक ओळ कापली नाही. मी तो प्रयोग पाहिलेला नाही. वाचलंय, पाहिलेल्यांकडून ऐकलंय, त्यावरून बोलतोय.

तिसऱ्या अंकात टायटसला सांगितलं जातं, तुझा हात कापून पाठव, म्हणजे तुझे दोन मुलगे सुटतील. तो हात देतो. परत काय येतं? तोच हात, आणि सोबत मुलांची मुंडकी. आता नट काय करणार? रडणार, किंचाळणार. पण संहितेत तिथे लिहिलंय, ‘हा, हा, हा!’ भाऊ विचारतो, अरे, हसतोस काय? तर टायटस म्हणतो, ढाळायला आता अश्रूच उरला नाही. कॉक्सने अख्खी भूमिका त्या हसण्यावर तोलली. शेवटच्या मेजवानीत शत्रूच्या मुलांचं मांस कणकेत भरून भाजलेला पदार्थ वाढायला टायटस स्वयंपाकी बनून येतो, तेव्हा नोकर डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मधलं सात बुटक्यांचं गाणं शीळ घालत टेबल आत आणत. प्रेक्षक हसायचे आणि हसू घशात अडकायचं. दुसरं ऑलिव्हिए याच भूमिकेला मिळालं. मला विचाराल तर त्याचं सर्वांत मोठं काम हेच, लोगन रॉय नव्हे.

याच सुमाराची एक गंमत. हॅनिबल लेक्टर, म्हणजे तो माणसं खाणारा खुनी डॉक्टर, म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर अँथनी हॉपकिन्स येतो. पण पडद्यावरचा पहिला लेक्टर कॉक्स. मायकल मानचा ‘मॅनहंटर’, साल १९८६. अगदी मोजके प्रसंग, पांढरी कोठडी आणि शांत, शेजाऱ्यासारखा आवाज. पीटर मॅन्युएल हा स्कॉटलंडमधला खुनी १९५८ मध्ये फासावर गेला, त्याच्यावरून कॉक्सने तो बेतला होता. त्याच १९८६ साली हॉपकिन्स लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये किंग लिअर करत होता. चार वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच नॅशनलमध्ये कॉक्स लिअर झाला आणि पुढच्याच वर्षी हॉपकिन्स लेक्टर म्हणून जगभर पोचला. जणू दोघांनी अंगरखे बदलले!

लिअरचंही दिग्दर्शन वॉर्नरचंच. राजा पहिल्या प्रवेशात चाकांच्या खुर्चीतून, वाढदिवसाच्या टोप्यांच्या धमालीत येतो. ‘नटसम्राट’ अंगात भिनलेल्या आपल्याला ते पचायला जड जाईल. आपला लिअर आधी दुःखी असतो आणि मग म्हातारा होतो. कॉक्सचा लिअर आधी पोरकट होता.

नव्वदच्या दशकात तो अमेरिकेत गेला. हिरो व्हायला नाही, चरित्र-भूमिका करायला. ‘ब्रेव्हहार्ट’, ‘ट्रॉय’, जेसन बॉर्न या हेराचे सिनेमे. ‘न्यूरेंबर्ग’मधल्या गोरिंग या नाझी नेत्याच्या भूमिकेसाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक. काही भूमिका निव्वळ पोटासाठी केल्या, आणि हे त्याने कधी लपवलं नाही.

आणि मग लोगन. हे पात्र मुळात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जन्मलेलं. पहिल्या सीझनचं चित्रीकरण संपत आलेलं असताना सेटवर एक सहकलाकार सहज म्हणाला, ‘तुझं जन्मगाव बदललंय, माहीत आहे का? स्कॉटलंडमधलं डंडी की काहीतरी.’ लेखकांनी नटाला न सांगता त्याचं गाव पात्राला देऊन टाकलं होतं. दुसऱ्या सीझनमध्ये तर सगळं युनिट डंडीत चित्रीकरणाला गेलं. (मालिका ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांनी आता कानावर हात ठेवा.) चौथ्या सीझनच्या तिसऱ्याच भागात लोगन मरतो, तेही कॅमेऱ्याआड, विमानात. फार लवकर मारलं मला, असं कॉक्स कुरकुरत असतो.

२०२५ च्या जुलैमध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, तो डंडी रेपच्या रंगमंचावर पुन्हा उभा राहिला. नाटक एका स्कॉटिश बँकेच्या कोसळण्यावर, आणि याची भूमिका अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या भुताची. इमारत मात्र नवी, १९८२ ची. याने फरशी पुसली ती केव्हाच जळून गेली होती.