दोन राणीछाप

(दृश्य: पितळी ताट, वाटीत चिंचेचा कोळ, आजींचे हात)

आधी हे हात बघा. चिंचेचा कोळ, चुलीतली चिमूटभर राख आणि नारळाचा काथ्या. लक्ष्मीपूजनाची सकाळ आहे. मंगरूळपीर तालुक्यातल्या या घरात दर दिवाळीला हे असंच चालतं. ताटात पाच रुपये आहेत, चांदीचे. आजी त्यांना कलदार म्हणतात, सून राणीछाप म्हणते. खरं तर पाचातले तीनच राणीचे. उरलेले दोन बोडक्या राजाचे. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, म्हणून आपल्या लोकांनी त्याला बोडका करून टाकला.

गेल्या दिवाळीपर्यंत या ताटात सहा होते.

(दृश्य: घराची मधली भिंत, दोन्हीकडे दोन दारं)

ही भिंत नंतरची. आजींच्या सासऱ्यांच्या माघारी दोघा भावांची वाटणी झाली. शेत, बैल, भांडी आणि मडक्यातले बारा कलदार. सहा थोरल्यांकडे गेले, सहा धाकट्यांकडे. थोरल्यांनी आपले सहा जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत टाकले, ते कोणी काढलेच नाहीत. धाकट्यांचे, म्हणजे आजींच्या घरातले, सहा दरवर्षी लक्ष्मीपुढे मांडले गेले. त्याआधी घासले गेले.

मागच्या वर्षी दोन्ही घरांतून एकेक रुपया लिलावात गेला. दोन्ही राणीचे, दोन्ही १८६२ सालचे. लिलावाच्या यादीत दोन्हींपुढे ग्रेड, म्हणजे दर्जाचा शेरा, एकच छापलेली, व्हीएफ, म्हणजे 'व्हेरी फाइन'. थोरल्यांच्या नातवाचा रुपया आजींच्या रुपयाच्या दुपटीहून जास्त किमतीला गेला.

आजी म्हणतात, "राणी येकच, साल येकच, चांदी बी येकच. मंग भाव दोन काहून झाले बाप्पा?"

(दृश्य: कारंज्याच्या बाजार समितीत सोयाबीनचा लिलाव, ढिगावरून ढिगावर सरकणारा घोळका)

शेतकऱ्याला खरं तर हे नवीन नाही. एकाच शिवारातलं, एकाच दिवशी काढलेलं सोयाबीन. सकाळच्या ढिगाला एक भाव, दुपारच्या ढिगाला दुसरा. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, दाताखाली एक फोडतो, ओल जोखतो. मालाचं नाव एक असलं तरी तो पैसे त्या मुठीतल्या मालाचे देतो.

नाण्याचंही तसंच आहे. फक्त तिथे मुठीऐवजी भिंग असतं.

(दृश्य: भिंगातून राणीचा चेहरा, अगदी जवळून)

हे भिंग कारंज्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं. नाव सांगू नका म्हणाले. आपण सर म्हणू. सर आधी राणीच्या कानावरचे केस बघतात, मग मुकुट. ठशाचे हे सगळ्यांत उंच भाग, म्हणून झिजायला सुरुवात इथूनच होते. केसांच्या बटा निम्म्याअधिक मोजता येत असतील तर ग्रेड वर जाते, बटा सपाट होऊन नुसती टोपी दिसू लागली की खाली येते. व्हीएफ म्हणजे नाणं व्यवहारात फिरलेलं आहे, पण फार नाही. बास. ग्रेड मुख्यतः झीज सांगते.

ग्रेड आकड्यातही देतात. गंमत अशी की हा आकडा जन्मला तेव्हा तो किमतीचाच आकडा होता. १९४९ साली अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी केली. पार झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली, तर निर्दोष नाण्याची सत्तर. पुढे बाजार बदलला, ते गणित मोडलं, मोजपट्टी मात्र राहिली. पीसीजीएस ही नाणी तपासणारी अमेरिकी कंपनी १९८६ मध्ये सुरू झाली, एनजीसी १९८७ मध्ये. या कंपन्या आजही नाणं तपासून याच सत्तरच्या पट्टीवर आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की घराचा. त्या स्लॅबवर आपण नंतर चढणारच आहोत.

(दृश्य: दोन रुपये शेजारी शेजारी, वरून एकच दिवा)

आता सर दोन रुपये दिव्याखाली हळूहळू फिरवतात. डावा थोरल्यांच्या पेटीतला, विकलेल्याचा भाऊ. उजवा आजींच्या ताटातला. डाव्यावर बघा, कडेला निळसर, मग जांभळं, मध्ये फिकट सोनेरी. हा रंग कोणी लावलेला नाही. हवेतल्या गंधकाने चांदीवर अतिशय पातळ थर धरला आणि त्या थरातून उजेड असा फुटतो. थर जाड झाला की काळा पडतो, पातळ आणि सारखा असला की असा मोरपंखी दिसतो. संग्राहक याला टोन म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे मोजतात. याला वर्षं लागतात. चिंधी, पेटी, अंधार, आणि कोणी हात न लावणं.

आता उजवा. सरांनी तो जरासा कलता केला आणि, हे दिसलं? केसासारख्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. काथ्याचा हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने. राखेतले कण चांदीला ओरखडतात. आंबट कोळाने काळपटपणा जातो, पण टांकसाळीतून निघताना पृष्ठभागावर जो मूळचा तजेला असतो, तोही घासण्याने जातो. नाणं चकचकीत दिसतं, पण ती चमक भांड्याची. विकलेल्या दोन्ही रुपयांवर राणीचे केस सारखेच झिजलेले, म्हणून दोन्हींना व्हीएफ. फक्त आजींच्या विकलेल्या रुपयापुढे यादीत बारीक अक्षरात दोन शब्द होते, 'जुनी सफाई'. स्लॅब करायला पाठवला असता तर कंपनीने त्याला आकडाच दिला नसता, नुसतं 'साफ केलेलं' असा शेरा मारून परत केला असता.

तांब्याचं तर याहून वाईट. ही शिवराई बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हिच्यावर चढलेला गर्द तपकिरी थर हीच तिची कातडी. चिंचेत बुडवली की अर्ध्या तासात कोवळी गुलाबी होते. ती परत तपकिरी व्हायला पिढी जाते, आणि तरीही पहिल्यासारखी होत नाही. आमच्या चित्रीकरणाच्या चार दिवसांत चार घरांत शिवराई निघाली. चारही गुलाबी.

(दृश्य: पुन्हा १८६२चा रुपया, सालाचा आकडा)

आता प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. फरक फक्त घासण्याचा नव्हता. सालाच्या आकड्याजवळ कॅमेरा नेला आहे, नीट बघा. बारीक टिपके. १८६२ हे साल रुपयावर १८६२ पुरतं राहिलं नाही. १८७४ पर्यंत टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर तेच साल पडत होतं. मुंबईच्या टांकसाळीने मग टिपक्यांची खूण ठेवली. टिपके किती आणि कुठे, त्यावरून जाणकार खरं वर्ष आणि ठसा ओळखतात. काही टिपक्यांचे रुपये ढिगाने मिळतात, काहींसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. थोरल्यांच्या रुपयावरचे टिपके त्या दुसऱ्या जातीचे निघाले. यादीत साल तेच, ग्रेड तीच. पण ज्या संग्राहकाच्या संग्रहात तेवढ्या एकाच टिपक्याची जागा रिकामी आहे, त्याला ग्रेडशी काय देणंघेणं?

(दृश्य: तऱ्हाळा गाव, तुरीचं शेत, धुऱ्यावरून चालणारी बाई)

हा रस्ता तऱ्हाळ्याचा. याच मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. १९३९ साली इथे जमिनीतून सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. सोन्याचा नाही, चांदीचाही नाही. पोटीनचा, म्हणजे तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रणाचा. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह. प्राचीन लेखांचे अभ्यासक वासुदेव विष्णू मिराशींनी ती अक्षरं वाचली, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं समोर आली. पुराणांतल्या याद्यांत ही नावं नाहीत. म्हणजे पोरांनी गोट्यांसारखी उडवावीत अशा मळकट चकत्यांनी आपल्या इतिहासाला राजे जोडून दिले.

कोणी त्यांना चिंच लावली असती तर?

सर सांगतात, आज बाजारात अशा सातवाहन पोटीनच्या दोन नाण्यांचा हत्ती सारखाच स्वच्छ असला तरी भाव अक्षरांवर ठरतो. ठसा हाताने मारलेला, चकती लहान, त्यामुळे राजाचं अर्धं नाव बऱ्याचदा चकतीबाहेर पडलेलं असतं. नुसतं 'सातकर्णी' वाचता आलं तर तो कुठला सातकर्णी, कोण सांगणार? त्याच्या आधीचं अक्षर चकतीवर उतरलं असेल तर भाव चढला. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांचंही हेच. दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा फारसी ठसा मोठा, चांदीचा गोळा लहान. टांकसाळीचं नाव ज्याच्यावर पुरतं उतरलं, तो रुपया झिजलेला असला तरी भाव खाऊन जातो.

आणि शेतात काही सापडलं तर? जमिनीत सापडलेल्या धनाबद्दलचा १८७८चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचा साठा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. तो लिलावात न्यायचा नसतो.

(दृश्य: तांडा, बंजारा बाईच्या गळ्यातला रुपयांचा हार)

ही माळ बघा, बघत राहावी अशीच आहे. एकेका रुपयाला वर कडी डागलेली. पाचव्या जॉर्जचे रुपये, इतके कमी झिजलेले की सरांचा हात भिंगाकडे गेला आणि परत आला. अशी कडी झाळून बसवली की संग्राहकाच्या लेखी नाणं संपलं, ग्रेड कितीही वर असो. मग उरते चांदी. एका रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. सराफाचा काटा तेवढीच मोजतो. १९४० ते १९४५चे रुपये तर निम्म्याच चांदीचे. मावशींना यातलं काही विचारायचं नव्हतं. माळ विकायची नाही म्हणाल्या, विषय संपला.

(दृश्य: संध्याकाळ, घराचा स्लॅब, मोबाईल उंच धरलेला नातू)

आता चढू या स्लॅबवर. गावात रेंज फक्त इथे, टाकीच्या बाजूला. थोरल्यांच्या नातवाने लिलाव इथे उभं राहून पाहिला. ही फीत त्यानेच काढलेली, म्हणून हलते.

त्यांचा रुपया आधी आला. बोली सरकत होती, मग दोनच जण उरले. लिलावात किंमत तिथेच ठरते. एक जण कितीही श्रीमंत असला तरी किंमत चढवत नाही. चढवतो तो दुसरा, जो मागे हटत नाही. तिसऱ्यांदा रेंज गेली, आली तेव्हा हातोडा पडला होता. पुढे काही लॉटनंतर आजींचा रुपया. आता ज्याला १८६२चा राणीछाप हवा होता, त्याची भूक भागलेली. फोटोत तर तो जास्तच उजळ दिसत होता, पण प्रत्यक्ष पाहणीला गेलेल्यांनी रेघा आधीच पाहून ठेवल्या होत्या. एकदोन बोल्या, संपलं.

वर लिलावगृहाचा प्रीमियम, त्यावर जीएसटी. ते घेणाऱ्याने भरायचं, विकणाऱ्याच्या हाती येत नाही. यूट्यूबवर कोणी किंमत सांगतो ती हातोड्याची की सगळं धरून, हे विचारल्याशिवाय दोन किमतींची तुलनाच करू नये. शिवाय शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे आधीच बाहेर असलेला तसाच रुपया लंडनमध्ये विकला गेला तर त्याचे गिऱ्हाईक वेगळे आणि भावही वेगळा.

न्यूयॉर्कच्या एका लिलावाची फीत आमच्याकडे नाही, म्हणून थोडक्यात. १९३३चं एक अमेरिकन सोन्याचं नाणं २००२ साली सुमारे ७६ लाख डॉलरला गेलं आणि तेच नाणं २०२१ साली सुमारे १ कोटी ८९ लाखांना. एकच नाणं. मधल्या काळात त्याला कोणी घासलंही नव्हतं.

(दृश्य: मधली भिंत, संध्याकाळ)

लिलावानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. नातवाने चांगला रुपया आपला म्हणून दिला आणि आमचा मुद्दाम मागे ठेवला, असं धाकट्यांच्या घरात म्हणतात.

(दृश्य: पुन्हा ताट, काथ्या, आजींचे हात)

टोन, रेघा, टिपके, सगळं आम्ही आजींना भिंगातून दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं. मग भिंग परत दिलं आणि काथ्या हातात घेतला.

"तुहं खरं असंन बापू. पण लक्ष्मीपुढं मळकं ठेवू का मी?"

(दृश्य: देव्हारा, समई, पाच रुपये. निवेदन नाही.)