नाव कुणाचं घ्यायचं

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या इंदूरच्या हिंदी पेपरांत एक शब्दजोडी वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे: 'समुदाय विशेष'. 'समुदाय विशेष के लोगों ने पथराव किया.' ऐन तरुणपणी मी एका दैनिकात रात्रपाळीला प्रूफं तपासत असे, तेव्हा ही जोडी कितीदा हाताखालून गेली असेल. दंगलीच्या बातमीत जमातीचं नाव छापू नये हा संकेत जुना, आणि त्यामागचा हेतू चांगलाच. सकाळच्या बातमीनं संध्याकाळी दुसरी गल्ली पेटू नये, एवढाच.

पण आमचे काका! रामबागेत वाड्याच्या ओट्यावर बसून पेपर वाचायचे. त्या दोन शब्दांपाशी बोट आलं की म्हणायचे, "म्हणजे तेच. दुसरं कोण असणार?" आम्ही कोरी सोडलेली जागा काका मनातल्या नावानं भरून टाकत. चारदोघांनी मारलेले दगड अख्ख्या जमातीच्या खाती जमा.

मराठीत तर क्रियापदच मदतीला धावतं. 'घरं जाळली गेली.' 'हिंसाचार उसळला.' हिंसाचार म्हणजे काय समुद्र आहे, आपला आपण उसळायला?

जवळचीच गोष्ट सांगतो. 25 फेब्रुवारी 1995 रोजी, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांना भोसकून मारलं. जोगीण ख्रिस्ती, मारेकरी हिंदू. एवढं कळलं की उरलेली बातमी वाचणारा स्वतःच रचतो. प्रत्यक्षात त्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवू पाहत होत्या आणि ते गावातल्या बड्यांना खुपत होतं. आपल्याला जमीनदारानं चिथावलं, हे पुढे मारेकऱ्यानंच सांगितलं. त्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांची सख्खी बहीण, तीही जोगीणच, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. राखीला मनगट लागतं हो. 'समुदाय विशेष'ला कुठलं मनगट?

आता जरा लांबचं. म्यानमारमधून 2017 मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळून आले. तिथलं लष्कर म्हणत होतं, आम्ही अतिरेक्यांचा बंदोबस्त करतोय. ऑगस्ट 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकानं सहा लष्करी अधिकाऱ्यांची नावंच जाहीर केली, सरसेनापती मिन आंग लाईंग यांच्यासकट. त्यांच्यावर खटला चालवा, असंही म्हटलं.

आणि नेमकं उलटं न्यूझीलंडमध्ये. 15 मार्च 2019 ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत गोळीबार झाला, 51 माणसं गेली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं, मारेकऱ्याचं नाव मी उच्चारणार नाही.

मग नाव घ्यायचं की गाळायचं? मी एवढंच बघतो, की त्या माणसाला काय हवंय. सेनापतीला वर्दीआड दडायचं होतं, तेव्हा त्याला नावानिशी पुढे ओढायलाच हवं. क्राइस्टचर्चचा तो इसम स्वतःचं कृत्य फेसबुकवर थेट दाखवत होता. त्याला नावच करायचं होतं. कोर्टाच्या कागदात त्याचं नाव असू द्या, मथळ्यात कशाला?

परत काकांकडे येतो. दगडफेकीच्या एका बातमीनंतर तिसऱ्या दिवशी पोलिसांनी पकडलेल्यांची यादी आली. आतल्या पानावर, बारीक टायपात, शोकसंदेशांच्या वर. प्रूफ माझ्याच हाती होतं. चार नावांतलं तिसरं आमच्याच बोळातल्या मुलाचं होतं, दरवर्षी गणपतीची वर्गणी मागायला यायचा तो. सकाळी मी मुद्दाम ओट्याशी घुटमळत राहिलो. काका पानं उलटत तिथवर आले. बोट थांबलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग पेपराची घडी करून हाक मारली, "चहा टाकलाय का गं?"