नॉर्मन टिम्ब्सची लांब शेपटी

नमस्कार, श्रोतेहो. आजची गाडी दारं नसलेली. आत बसायचं तर पत्र्यावरून पाय टाकून उतरायचं. लांबी साडेसतरा फूट, म्हणजे ५.३ मीटर, आणि उंची ४७ इंच, जेमतेम १.२ मीटर. लॉस एंजेलिसमध्ये १९४८ च्या सुमाराला नॉर्मन टिम्ब्स या इंजिनिअरनं ती स्वतःसाठी बनवली. दोन वर्षांहून जास्त काळ काम चाललं. पोटापाण्यासाठी हा माणूस शर्यतीच्या गाड्या आखायचा, आणि त्याच काळात त्यानं आखलेल्या गाड्या इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकत होत्या. तिथूनच सुरुवात करू, म्हणजे या गाडीचं डोकं कुठून आलं ते कळेल.

लू मूर या संघमालकासाठी टिम्ब्सनं ब्लू क्राउन स्पार्क प्लग स्पेशल आखली. बांधली एमिल डीड्टनं. इंजिन ऑफेनहाउझर, चार सिलिंडरचं, सुमारे साडेचार लिटरचं, सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, नसलेलं. प्रतिस्पर्धी होती नोव्ही. तिचं व्ही-८ इंजिन सुपरचार्जरवालं आणि ताकदीत कितीतरी पुढे. मग ब्लू क्राउननं १९४७, १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ तीन वर्षं बाजी मारली कशी? पहिल्या दोन वेळा मॉरी रोझ, तिसऱ्या वेळी बिल हॉलंड.

पहिलं कारण एक जोडी: इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, आणि इंजिन कमी ताकदीचं. ओढ नोव्हीतही पुढच्याच चाकांना होती. मागे ताकद न्यायची नाही, म्हणजे चालकाच्या सीटखालून जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही. सीट थेट तळाला टेकवता येते, गाडीचा भारमध्य खाली येतो, वळणावर गाडी कमी कलते. किंमतही मोजावी लागते. पुढच्या टायरला ओढायचंही आहे आणि वळवायचंही. इंडियानापोलिसला सगळी वळणं डावीकडची, त्यामुळे उजवा पुढचा टायर सगळ्यात आधी घासतो. शिवाय अशा गाडीत वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर नाक आत ओढलं जातं. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा आणि वळणभर पाय हलका पण दाबलेला ठेवायचा. चाक जागच्या जागी फिरलं की टायर गेलाच. कमी ताकदीचं इंजिन इथं वरदानच ठरतं.

दुसरं कारण इंधन, आणि मला तरी हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. शर्यतीत मिथेनॉलचा बोलबाला होता. ते सिलिंडर थंड ठेवतं, जास्त कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सहन करतं, ताकद देतं. पण एक किलो मिथेनॉल जाळायला साडेसहा किलो हवा पुरते, पेट्रोलला पावणेपंधरा किलो लागते. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त लागतं, टाकी तितक्या लवकर रिकामी होते. मूरच्या गाड्या जास्त ऑक्टेनच्या विमानी पेट्रोलवर धावत आणि एकाच थांब्यात शर्यत काढायचा बेत असे.

आकडे मांडून पाहा. फेरी अडीच मैलांची, एकूण २०० फेऱ्या. ताशी १२० मैलांनी एक फेरी ७५ सेकंदांची. एक मिनिटाचा जादा थांबा भरून काढायला प्रत्येक फेरीत ०.३ सेकंद जास्त वेगानं धावावं लागतं, तेही चार तास, न चुकता. १९४८ मध्ये रोझ ताशी सरासरी ११९.८ मैलांनी जिंकला. ड्यूक नेलनची नोव्ही शेवटी इंधनासाठी थांबली आणि तिसरी आली. पेट्रोलचा धोकाही मोठा आहे. मिश्रण जरा पातळ झालं, कॉम्प्रेशन जरा वाढलं, की ठोके पडू लागतात आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

आता टिम्ब्सची घरची गाडी. इंजिन ब्युइक सुपर या मोटारीचं, एका रांगेत आठ सिलिंडर, ४.१ लिटर, सुमारे ११० अश्वशक्ती. साधं बाजारातलं. आणि म्हणतात ताशी १२० मैल, म्हणजे १९३ किलोमीटर. पटेल का? हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. त्या काळच्या उभ्या, रुंद मोटारीचं समोरचं क्षेत्रफळ २.३ चौरस मीटर आणि रोधाचा गुणांक, म्हणजे आकार हवेला किती अडवतो त्याचं माप, ०.५५ धरा. १९३ किलोमीटरला नुसत्या हवेसाठी सुमारे १५५ अश्वशक्ती जाते. बुटकी गाडी घ्या, क्षेत्रफळ १.७५, गुणांक ०.३५. आकडा ७६ वर येतो. टायरचं घर्षण आणि गिअरमधला तोटा मिळवला तरी शंभराच्या आसपास. म्हणजे त्या इंजिनाला झेपेल असं.

अंग बनवायचं तर आधी लाकडी साचा. उभ्या-आडव्या फळ्यांचा पिंजरा, त्यावर पत्रा टेकवून आकार तपासायचा. पत्रा ॲल्युमिनियमचा. ठोकत गेलं की तो कडक होतो आणि मग चिरतो. आपल्याकडे तांबट मठारताना तांब्याचं भांडं पुन्हा भट्टीत घालतात, तेच कारण. पण तांबं तापलं की लाल होतं, ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळून खाली गळतो. म्हणून ॲसिटिलीनच्या ज्योतीनं आधी काजळी धरवायची, मग साधी ज्योत फिरवायची. काजळी उडाली की पत्रा मऊ झाला, ज्योत लगेच काढायची. जोड गॅस वेल्डिंगनं द्यायचा. जोड नीट बसावा म्हणून लावलेला फ्लक्सचा लेप गरम पाण्यानं घासून धुवायचा, नाहीतर रंगाखाली पत्रा खाऊन टाकतो. वेल्डजवळ पत्रा आखडतो, तो हातोडी आणि मागून टेकवलेल्या लोखंडी ठोकळ्यानं, म्हणजे डॉलीनं, ताणून सरळ करायचा. पोलादाच्या चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, ॲल्युमिनियम जिथं टेकतं तिथं रबर किंवा कापडाची पट्टी हवी. ओलावा शिरला तर दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. डीड्टनंच हे अंग घडवलं, आणि ते बघताना कुठं सांधा सापडत नाही. दारं नसल्यामुळे पत्रा कापावा लागला नाही. इंजिनापर्यंत पोचायला मागचा अख्खा भाग एका तुकड्यात वर उचलतो. असल्या मोठ्या झाकणाला आतून पोलादी सांगाडा नसेल तर ते पिळतं आणि बंद होताना एक कोपरा वर राहतो.

चासी जाड गोल नळ्यांची. इंजिन चालकाच्या मागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे, युद्धाआधीच्या ऑटो युनियन या जर्मन शर्यतीच्या गाड्यांसारखं. मागे स्विंग ॲक्सल, आणि इथं मला जरा धाकधूक वाटते. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी, डिफरेन्शियल, चासीला घट्ट, दोन्ही बाजूंचे अर्धे ॲक्सल आतल्या टोकाभोवती वरखाली झुलतात. वळणात पाय उचलला की मागची बाजू वर येते, बाहेरचं चाक आतल्या बाजूला दुमडतं, टायर कडेवर उभा राहतो आणि शेपटी सटकते. ऑटो युनियननंही १९३८ मध्ये मागे द दियोंची रचना घेतली, तिच्यात दोन्ही चाकं एका कडक नळीनं जोडलेली असतात. स्विंग ॲक्सल ठेवायचाच असेल तर चाकं आधीपासून वरच्या बाजूनं थोडी आत कलती ठेवा, ॲक्सल फार खाली जाऊ नये म्हणून पट्टा बांधा, आणि वळणात पाय उचलू नका.

शेपटी इतकी लांब का, हे विचाराल. हवा हळूहळू जुळली पाहिजे. पत्रा झटकन खाली वळवला तर हवा सुटते, मागे भोवरे पडतात आणि सगळी मेहनत वाया. पण वरून गोलसर, लांब अशी शेपटी मागच्या चाकांना थोडी उचलतेही, म्हणजे वर सांगितलेल्या दुखण्यात भरच. जर्मनीत वुनिबाल्ड कामनं १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की शेपटीचं टोक सरळ कापलं तरी फार बिघडत नाही. माझ्या मते टिम्ब्सच्या गाडीचा मागचा एखादा मीटर देखणेपणासाठी आहे. इंजिन मागे बंद खोलीत, म्हणून हवा आत घेण्याइतकंच ती बाहेर सोडायचं तोंड महत्त्वाचं. गिअरचा दांडाही लांब जातो, एकेका सांध्यात जराशी ढिलाई आली की हातातला गिअर कुठं आहे ते समजत नाही.

गाडी पुढे बरीच वर्षं हालअपेष्टेत राहिली, २०१० मध्ये नव्यानं उभी केल्यावर फ्लोरिडातल्या अमेलिया आयलंडच्या मोटार प्रदर्शनात दिसली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅलिबूच्या वूल्सी वणव्यात ती जळाली. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पोलाद सुमारे दीड हजारांना. नळ्यांची चासी तग धरते, पण डीड्टचा पत्रा पुन्हा घडवायचा तर आधी तो लाकडी पिंजराच नव्यानं उभा करावा लागतो.