ऐतिहासिक बागेची देखरेख : अंदाजपत्रकाच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते गावोगावच्या जुन्या सार्वजनिक बागांबद्दल आणि त्या बागांमध्ये उभ्या असलेल्या वास्तूंबद्दल. त्यांच्यावर लोकांनी लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा आपला विषय. पेन आणि कागद जवळ असू द्या, काही आकडे टिपून घ्यावे लागतील.

सुरुवात छत्रपती संभाजीनगरपासून करू. बीबी का मकबऱ्याची चारबाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. दिल्ली दरवाजाजवळच्या मोगलकालीन हिमायत बागेत कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. पाणचक्कीचा कारभार वक्फ मंडळ पाहतं. सिद्धार्थ उद्यान महानगरपालिकेचं. तिथून पैठणला गेलात तर नाथसागराच्या पायथ्याचं संत ज्ञानेश्वर उद्यान जलसंपदा विभागाचं. म्हणजे बागा पाच आणि मालकही पाच. प्रत्येकाचा कायदा वेगळा, तक्रार घेणारी खिडकी वेगळी. मकबऱ्याच्या भिंतीची तक्रार घेऊन महानगरपालिकेत गेलात, तर तो अर्ज फिरत फिरत कुठल्या तरी कपाटात जाऊन बसतो आणि अर्जदाराला वाटतं, कोणी दखलच घेत नाही.

म्हणून पहिलं काम कागदांचं. नगर भूमापन कार्यालयातून बागेची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे ते पाहा. वास्तू संरक्षित असेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत मिळवा. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येतं. राज्य संरक्षित वास्तूला 1960चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. दोन्ही यादीत नाव नसेल, तर शहराच्या वारसा यादीत आहे का ते बघायचं. तिथेही नसेल, तर ते नाव यादीत घ्या अशी मागणी करणं हेच आपलं पहिलं काम.

मराठवाड्यात या कागदांना एक वळण जास्त आहे. 17 सप्टेंबर 1948पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्यामुळे जुन्या नोंदी उर्दूत, काही फारसीत. खासरा पत्रक म्हणजे जमिनीच्या तुकडेवार नोंदी, मुंतखब म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर दिलेला दाखला, इनामाचे कागद, हे सगळं वाचणारा माणूस गाठीशी लागतो. गावात एखादे निवृत्त उर्दू शिक्षक असतील तर त्यांना समितीत आवर्जून घ्या. हद्दीचा वाद निघाला की दहा जणांच्या सह्यांपेक्षा त्यांनी वाचून दिलेला एक जुना कागद उपयोगी पडतो.

कागद पाहताना एक गोष्ट हमखास सापडते. बागेची नोंद असते, पण बागेतल्या वास्तूंची नसते. जुनी कमान, हौद, पंपाची खोली, माळ्यांची घरं, एखादी बारादरी, हे सारं मालमत्ता नोंदवहीत ‘उद्यान’ या एका शब्दात गुंडाळलेलं. वहीत वेगळी नोंद नाही म्हणून दुरुस्तीसाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात खर्चाचं वेगळं खातं, नाही, आणि शीर्ष नाही म्हणून पैसा हिरवळीवर आणि खेळण्यांवर जातो. तेव्हा प्रत्येक वास्तूला क्रमांक द्या, चारही बाजूंनी फोटो काढा, लांबी-रुंदी टेपने मोजा आणि ही यादी मालकाकडे लेखी द्या.

आता पाहणी. ती वर्षातून तीनदा तरी व्हावी: मे महिन्यात, भर पावसात, आणि दिवाळीनंतर. मे महिन्यात गच्चीवर चढायचं, अर्थात परवानगी घेऊन. सगळ्यात आधी पन्हाळी, म्हणजे गच्चीचं पाणी बाहेर टाकणारी तोंडं बघायची. पिंपळाची पानं, कबुतरांची घाण, फाटलेला पतंग, असं काहीबाही त्यात अडकलेलं असतं. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की तिथे दोन-तीन इंच पाणी साठतं आणि चुन्याच्या थरात मुरतं. ओल खाली दिसते ती मात्र भलतीकडे, कारण पाणी घुमटाच्या उताराने सरकत जाऊन दुसऱ्याच कोपऱ्यात उतरतं. मग मिस्त्री ओल दिसते तिथे गिलावा करतो आणि पुढच्या पावसाळ्यात ओल परत हजर. यासाठीच भर पावसात छत्री घेऊन जायचं. पाणी कुठून शिरतं ते पाऊस चालू असतानाच कळतं.

दिवाळीनंतरची फेरी झाडोऱ्यासाठी. कंगोऱ्यात, सांध्यात उगवलेलं वड-पिंपळाचं रोप बोटभर असेल तर ते त्याआधीच, पावसाळ्यातल्या फेरीत, चुना ओला असताना मुळासकट निघतं. एकदा ते मनगटाएवढं झालं की ओढू नका. मुळाबरोबर दगडही येतो. खोड कापायचं, बुंध्याला मूळ मारणारं औषध जाणकाराकडून लावून घ्यायचं, मूळ सुकू द्यायचं आणि मगच सांधा साफ करून चुन्याने भरायचा. नुसतं वरून छाटलं तर ते दुप्पट जोमाने फुटतं. कंत्राटात ‘झुडपे काढणे’ एवढंच लिहिलेलं असलं की कंत्राटदार नेमकं हेच करतो.

भेगांबद्दल घाई करू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असेल तर भिंत तिच्याबरोबर हलते. मे महिन्यात रुंद दिसणारी भेग सप्टेंबरात मिटलेली असते. म्हणून भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच तडकली तर भेग हलते आहे. किती हलते ते पाहण्यासाठी भेगेच्या दोन बाजूंना पेन्सिलीने खुणा करून दर महिन्याला अंतर मोजायचं. पूर्ण वर्षाची मोजणी हातात असल्याशिवाय कोणी भेग बुजवायला निघालं तर थांबवा. हलती भेग बुजवली की शेजारी नवी पडते. आणि भिंतीला लागून हिरवळ असेल, तिथे रोज पाणी सोडलं जात असेल, तर निम्मं कारण तिथेच आहे. जोत्यापासून निदान एक मीटर पट्टा कोरडा, खडीचा ठेवा.

आता सिमेंट. जुन्या वास्तूचं सर्वाधिक नुकसान आपल्याकडे पावसाने झालेलं नाही, दुरुस्तीने झालं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवणं म्हणजे ओल्या अंगावर प्लास्टिक गुंडाळणं. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, तिच्यातले क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे खडे बनतात आणि ते विटेचा चेहराच फोडून काढतात. तीन-चार वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा पडतो तेव्हा त्याच्या पाठीला जुन्या विटेची भुकटी चिकटलेली असते. लोक म्हणतात, वास्तूच जीर्ण झाली होती.

चुन्याचं काम कसं असावं ते ऐका. भट्टीचा चुना पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर पाण्याखाली ठेवायचा आणि चाळून घ्यायचा. न विरलेला कण राहिला तर तो गिलाव्यात नंतर फुगतो आणि फोड येतात. एक भाग चुन्याला दोन भाग वाळू आणि सुरखी मिळून. सुरखी म्हणजे भाजक्या विटेची पूड. मात्र वास्तूचा मूळ चुना तपासून हे प्रमाण ठरवलेलं बरं. गूळ, बेलफळ, मेथी, हिरडा घालण्याची रीत जुनी आहे, पण ते जाणत्या कारागिराच्या हिशेबाने. गूळ ओतला म्हणजे काम पारंपरिक झालं असं नाही. थर 12 ते 15 मिलिमीटरपेक्षा जाड नको. पहिला घट्ट झाल्यावर दुसरा. त्यानंतर ओली गोणपाटं टाकून दोन-तीन आठवडे ओल टिकवायची. आणि हे काम आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळातच. एप्रिल-मेच्या उन्हात चुना वाळतो, पण मुरत नाही. त्याला जाळीसारख्या चिरा जातात. अडचण अशी की निधी खर्ची टाकायची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे काम मार्चमध्ये धावत सुटतं.

चालू कामावर गेलात तर दोन गोष्टी बघा. एक, कोपऱ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आहेत का. पांढऱ्या सिमेंटच्याही, चुन्यात ते मिसळलं की रंगावरून कळत नाही. दुसरी, मालाचा लिंबाएवढा गोळा करून सावलीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बोटांनी दाबा. नुसत्या चुन्याचा गोळा अजून नखाने खरवडतो. दगडासारखा घट्ट झाला असेल, तर विचारा आत काय आहे. ही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण प्रश्न विचारायला पुरेशी आहे.

मात्र काम सुरू झाल्यावर भांडून फारसं हाती लागत नाही, आणि बहुतेक समित्यांची गाडी इथेच अडते. भिंतीला सिमेंट लागणार हे मिस्त्री ठरवत नाही. ते सहा महिने आधी कामाच्या अंदाजपत्रकात, म्हणजे एस्टिमेटमध्ये, लिहिलेलं असतं. अभियंत्याच्या नेहमीच्या दरसूचीत सिमेंटच्या कामांचे दर तयार असतात. चुन्याच्या कामासाठी दर-पृथक्करण, म्हणजे माल आणि मजुरीचा हिशेब मांडून नवा दर काढणं, करावं लागतं, मंजुरीला वेळ जातो. त्यामुळे सोपा रस्ता धरला जातो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, असा हा क्रम. तांत्रिक मान्यतेच्या आधी आपलं पत्र पोचलं तर बाब बदलता येते. कार्यारंभ आदेशानंतर पोचलं तर उत्तर येतं, ‘काम निविदेप्रमाणे सुरू आहे’. आणि ते उत्तर खरंच असतं.

त्या पत्रात मोघम काही लिहू नका. ‘ऐतिहासिक वारसा जपावा’ या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. लिहायचं ते असं: गिलाव्याच्या बाबीत सिमेंट वगळून चुना घ्यावा, चुन्याचं काम केल्याचा अनुभव ही निविदेची अट असावी, कारण एरवी सर्वात कमी दराचा कंत्राटदार येतो आणि त्याने गटारं बांधलेली असतात, काम सुरू होण्याआधी एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून तो मंजूर करून घ्यावा, दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, निदान दोन पावसाळे यावेत. दगडावर ऑइल पेंट, तारेचा ब्रश आणि ॲसिड नको, हेही लिहा. विजेच्या नळ्यांसाठी लोखंडी खिळे ठोकायचे नाहीत; ते गंजून फुगतात आणि दगड फोडतात.

अंदाजपत्रक मिळवायचं कसं? माहितीचा अधिकार, 2005. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि निविदेच्या अटी यांच्या प्रती मागा. याच कायद्याच्या कलम 2 मध्ये चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे. लोक कागद मागून थांबतात. चुन्याचा नमुना मागणारा अर्ज क्वचित जातो.

झाडांसाठी 1975चा शहरी वृक्ष कायदा आहे. 2021च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. तोडीची नोटीस झाडावर लावावी लागते आणि हरकतीची मुदत त्यातच लिहिलेली असते, तेव्हा रोज फिरायला येणाऱ्यांनी बुंध्यांकडे बघत चालावं. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर चहूबाजूंनी मीटरभर काढायला लावा. बागेत कार्यक्रमाला मंडप पडतो तेव्हा खड्डे कुठे खणले, चूल भिंतीपासून किती लांब, हे अनामत रक्कम परत देण्याआधी तपासलं जावं. जुन्या नहरींच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या वाटांच्या गावात, संभाजीनगर परिसरात, केबलसाठी किंवा नळासाठी जेसीबी लावण्याआधी खापरी नळांची वाट नकाशावर उतरवलेली हवी. नळ एका जागी फुटला की पुढचा सारा मार्ग कोरडा पडतो आणि माती आत जाऊन तो कायमचा बुजतो.

समिती सात ते अकरा जणांची पुरते. निवृत्त बांधकाम अभियंता, एखादा जुना माळी, शेजारच्या वस्तीतल्या एक-दोन महिला, फाटकाजवळचा चहावाला, कारण रात्री काय चालतं ते त्यालाच ठाऊक. पदाधिकाऱ्यांची भरती केली तर फोटो निघतात, गच्चीवर कोणी चढत नाही. पाहणीची एकच वही ठेवा, पानांना क्रमांक घाला, आणि फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढा. जागा ओळखू यावी म्हणून फरशीवर खूण केली तरी चालेल.

महानगरपालिका आणि नगरपरिषदांचं पुढच्या वर्षाचं जमाखर्चाचं अंदाजपत्रक, म्हणजे बजेट, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. त्यात बागेतल्या वास्तूसाठी रक्कम यायची असेल, तर वास्तूंची यादी, पावसाळ्यातले ओलीचे फोटो आणि भेगांची मोजणी एवढं जोडून मागणी नोव्हेंबर-डिसेंबरात गेली पाहिजे. एक प्रत मुख्याधिकारी किंवा आयुक्तांना, एक बांधकाम विभागाला, एक उद्यान विभागाला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नमस्कार.